थिओडोर सॉल्टरचं एक पान: कातड्यापासून समासापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५ : पान ठरलं

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत स्तोत्रसंहितेची एक ग्रीक पोथी आहे, तिला ‘थिओडोर सॉल्टर’ म्हणतात. फेब्रुवारी १०६६ मध्ये ती कॉन्स्टँटिनोपलच्या स्टुडिओस मठात लिहून पुरी झाली. लेखनिक थिओडोर, मूळचा कैसरियाचा. करवून घेणारा मठाधिपती मायकेल. नावं आणि तारीख पोथीच्या शेवटीच नोंदलेली आहेत. २०८ पत्रं (पत्र म्हणजे पुढून-मागून लिहिलेलं एक पान), ४३५ चित्रं, आणि ही चित्रं पानभर पसरलेली नाहीत, मजकुराच्या बाजूला समासात उभी आहेत.

त्यातल्या २७व्या पत्राची मागची बाजू उतरवायची आहे. कातड्यावर, बोरूने, खनिज रंगांनी. छायाचित्रं आधीच उतरवून ठेवली होती, कामाला ती पुरेशी आहेत.

हेच पान का, ते सांगते. स्तोत्र ग्रीक क्रमाने २५वं, आपल्या मराठी बायबलात २६वं. ओळीचा आशय असा की पोकळ लोकांच्या सभेत मी बसलो नाही. मठातल्या लोकांना सभा म्हटल्यावर ८१५ सालची सभा आठवली. त्या वर्षी बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून राज्य करणारा, सम्राट लिओ पाचवा याने हागिया सोफिया या तिथल्या मुख्य चर्चमध्ये धर्मसभा भरवून प्रतिमापूजेला पुन्हा बंदी घातली. तिथल्या चर्चचे प्रमुख (पॅट्रिआर्क) निकेफोरस पदावरून गेले. स्टुडिओसचे मठाधिपती थिओडोर (पोथी लिहिणारा थिओडोर वेगळा, हे अडीचशे वर्षं आधीचे) हद्दपार झाले आणि ८२६ मध्ये मठाबाहेरच वारले. प्रतिमा परत आल्या त्या ८४३ मध्ये. या पानाच्या समासात निकेफोरस आणि थिओडोर ख्रिस्ताच्या गोल प्रतिमेसह सम्राटासमोर ठाकलेले दिसतात, आणि लांब दांड्यांनी प्रतिमेवर चुना फासणारेही दिसतात. म्हणजे मठाने आपल्याच पूर्वजाची लढाई स्तोत्रकर्त्या दावीद राजाच्या ओळीशेजारी आणून ठेवली. हे ज्यांनी केलं त्यांच्या हाताने जाऊन बघायचं आहे.

१९ जानेवारी : कातडं मिळालं

कमावलेलं चामडं चालत नाही. चुन्यात ठेवून, केस काढून, ताणून वाळवलेलं बिनकमावलेलं कातडंच हवं. परदेशातून मागवलं तर एका पानाला पाच-सहा हजार आणि वर कस्टम. म्हणून तबल्याच्या पुड्या करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांच्याकडचं शेळीचं कातडं याच वाटेने तयार होतं.

“ताई, वाजवायचंय की लिहायचंय?” त्यांनी आधी विचारलं. लिहायचंय म्हटल्यावर वाळलेल्या गठ्ठ्यातलं काही न देता चुन्यातून नुकतं काढलेलं ओलं कातडं दिलं. “आवाजासाठी ताणलेलं शाई धरणार नाही, तुम्ही तुमच्या हिशेबाने ताणा.” साडेतीनशे रुपये. हा सल्ला पुढे फार उपयोगी पडला. तुम्ही करणार असाल तर ओलंच मागा.

२ फेब्रुवारी : ताण

पहिला तुकडा फळीवर खिळ्यांनी ठोकून वाळवला. तो पिवळट, अर्धपारदर्शक आणि कडक झाला, वाकवला की कडकड वाजतो. शाई वर नुसती तरंगते. कातडं पांढरं आणि अपारदर्शक होतं ते वाळताना चहूबाजूंनी सतत ताण राहिला तर, आणि तो ताण असतानाच खरवडलं तर. खिळे ठोकले की कातडं आकसताना भोकं मोठी होतात आणि ताण सुटतो.

सुताराकडून सागाची चौकट करून घेतली, अकराशे रुपये. कातड्याच्या कडेला आतून सुपारीएवढा गोटा धरायचा, त्याभोवती कातडं गोळा करून दोरी आवळायची आणि दोरीचं दुसरं टोक चौकटीवरच्या खुंटीला गुंडाळायचं. खुंटी फिरवली की ताण वाढतो. सकाळ-संध्याकाळ सगळ्या खुंट्या थोड्या थोड्या पिळायच्या. गोट्यांमुळे भोक पडत नाही, त्यामुळे फाटतही नाही.

खरवडायला चांभाराची रापी घेतली. तिची दोन्ही टोकं सहाणेवर घासून गोल करून घ्या. टोकदार कोपरा कातड्यात रुतला की चीर पडते, आणि ताणलेल्या कातड्यात चीर क्षणात वाढते. माझा एक चांगला भाग असा गेला. शेवटी प्युमिस दगडाने घासलं. मांसाकडची बाजू जास्त पांढरी निघाली, केसांकडच्या बाजूला बारीक ठिपके राहिले. लिहायला मांसाकडची घेतली.

पोथीचं पान साधारण २३ सेंटीमीटर उंच आणि २० रुंद. पूर्ण जोडपत्र, म्हणजे मधोमध दुमडल्यावर दोन पत्रं, कापायला एका शेळीचं कातडं जेमतेम पुरतं. २०८ पत्रं म्हणजे अशी १०४ जोडपत्रं. एका ग्रंथामागे केवढा कळप उभा असेल हे चौकटीपाशी उभं राहिल्यावर कळतं. एवढ्या कातड्यांची सोय करू शकणारा मठच असं काम काढू शकत होता.

१६ फेब्रुवारी : अंड्याचा लेप

बायझंटाइन कातडी पानांची ओळख म्हणजे त्यांची चकाकी. पृष्ठभाग घोटून त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा लेप द्यायची पद्धत होती. याच गुळगुळीतपणामुळे पुढे अनेक पोथ्यांतला रंग पोपडे धरून गळाला. स्टुडिओससारख्या मठांतल्या पोथ्यांत चेहरे पुसट झालेले दिसतात ते प्रत्येक वेळी कुणी खोडल्यामुळे नसतात.

पद्धत अशी: अंड्याचा पांढरा भाग घट्ट फेस येईपर्यंत फेटायचा, रात्रभर तिरक्या वाटीत ठेवायचा, सकाळी खाली साचलेलं पातळ पाणी तेवढं घ्यायचं. तेच मऊ पंच्याने पुसल्यासारखं लावायचं, वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचं. मी दोन हात दिले. पान सुंदर दिसलं, आरशासारखं. पुढे याची किंमत मोजावी लागली, ती नोंद २० एप्रिलला आहे.

२३ फेब्रुवारी : रेघा, बोरू, शाई

रेघा शिशाने किंवा शाईने मारायच्या नाहीत. हाडाच्या बोथट टोकाने दाबून खाच पाडायची, मागच्या बाजूला ती उठून दिसते. या काळातली ग्रीक अक्षरं रेघेवर बसत नाहीत, रेघेखाली लटकतात. मराठी हाताला ही गोष्ट उपजत येते, कारण आपलंही अक्षर शिरोरेषेला टांगलेलं. माझ्या ओळखीचे रोमन वळणाचे सुलेखनकार इथे अडखळतात, मला पहिल्याच ओळीला लय सापडली.

शाई घरी केली: मायफळं भरडून पाण्यात भिजवली, गाळून त्यात हिराकस आणि बाभळीचा डिंक. लिहिताना फिकी दिसते, दुसऱ्या दिवशी तपकिरी-काळी होते. हिराकस जास्त झाला तर पुढे कातडं खाऊन टाकतो, म्हणून हात आखडता ठेवा.

अडलं ते स्वरचिन्हांवर. त्या काळचं हे अक्षर गोल, एकसारखं, मोत्यांसारखं असतं, आणि त्याच्या डोक्यावर श्वासचिन्हं (सुरुवातीला ‘ह’चा उच्चार आहे की नाही ते दाखवणारी) आणि आघात. नकलेत मी ते ठिपके म्हणून काढत होते. धर्मशास्त्र शिकवणाऱ्या एका फादरांना पान दाखवलं. ते म्हणाले, “अक्षर छान आहे हो, पण हे वाचता येत नाही. आघात चुकला की शब्द चुकतो.” मग प्रत्येक शब्द त्यांच्यासमोर बसून वाचून घेतला. तीन रविवार त्यात गेले आणि ते सगळे सार्थकी लागले.

स्टुडिओसमध्ये यावर दंड होता. मठाधिपती थिओडोर यांच्या नावाने चालत आलेल्या शिक्षांच्या यादीत लेखनिकांचं वेगळं कलम आहे. वही नीट न ठेवणं, आघात आणि विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करणं याला १३० दंडवत. रागाने लेखणी मोडली तर ३०. हातात बोरू धरून ही यादी वाचली की त्या खोलीतली माणसं डोळ्यांसमोर येतात: दमलेली, चिडलेली, तरी शिस्तीत बसलेली. याच मठातल्या निकोलस नावाच्या साधूने ८३५ मध्ये गॉस्पेलची प्रत लिहिली. लहान, एकमेकांना जोडून लिहायच्या अक्षरांच्या वळणातली, तारीख असलेली सगळ्यांत जुनी ग्रीक पोथी तीच.

९ मार्च : मांडणी मोडली, पुन्हा घातली

या प्रकल्पातली सगळ्यांत महत्त्वाची नोंद हीच, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

सरावाच्या कातड्यावर आधी आकृत्या काढल्या. चित्र उतरवायचं तर चित्रापासून सुरुवात, असा सरळ विचार. आकृत्या जमल्या. मग शेजारी मजकूर लिहायला घेतला तर सभेची ओळ भलत्याच उंचीवर आली. तिच्यापासून चित्राकडे जाणारी रेघ दुसऱ्या ओळींवरून आडवी जायला लागली. पान नुसतं सजवलेलं दिसू लागलं. काय बिघडलं ते कळेना, कारण सगळे भाग आपापल्या जागी बरोबर होते.

मग मूळ पानाच्या छायाचित्रांवर पट्टी ठेवून मोजत बसले. या पोथीत मजकुरातल्या नेमक्या शब्दांपासून निळी किंवा तांबडी बारीक रेघ निघते आणि त्या शब्दांच्या चित्रापर्यंत जाते. वाचणाऱ्याचा डोळा त्या रेघेवरून समासात जातो आणि परत येतो. म्हणजे क्रम असा असला पाहिजे: आधी मजकूर, समास मोकळा सोडून, मग त्या ओळीला काय म्हणायचं ते ठरवणं, मग त्या उंचीवर चित्र, शेवटी रेघ. चित्र हे ओळीवरचं भाष्य आहे. त्याची जागा चुकली तर चेहरा कितीही देखणा काढा, म्हणणं हरवतं.

थोडी जुनी सोबतीण पोथी पाहिली की हे आणखी पटतं. मॉस्कोच्या राज्य इतिहास संग्रहालयातला ख्लुडोव सॉल्टर नवव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे बंदी उठल्यानंतर लगेचचा. तिथे रेघांऐवजी छोट्या खुणा आहेत: शब्दावर एक, चित्राशी तशीच दुसरी. ६८व्या स्तोत्रात (आपल्याकडे ६९वं) मला विष आणि आंब (व्हिनेगर) दिली अशी ओळ आहे. तिच्याशेजारी क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या तोंडाशी काठीला लावलेला स्पंज धरलेला आहे. आणि त्याच्याच खाली प्रतिमाभंजक तसाच काठीचा स्पंज चुन्याच्या भांड्यात बुडवून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर फिरवतो आहे. दोन हात, दोन काठ्या, एकच हालचाल. प्रतिमा पुसणं म्हणजे पुन्हा क्रुसावर देणं, हा सगळा वाद एकाही वाक्याशिवाय समासात मांडला आहे. हा राग ताजा आहे. १०६६ मध्ये तो राग उरला नव्हता, पण मठाला आपली ओळख त्याच लढाईतून सांगायची होती, म्हणून चित्र तिथेच राहिलं.

आणि हे वाचणार कोण, तर तेच लोक. मठाच्या नियमात लिहिलं आहे की अंगमेहनतीचं काम नसलेल्या दिवशी ग्रंथपाल लाकडी फळी वाजवायचा, साधू जमून एकेक पुस्तक घ्यायचे, संध्याकाळपर्यंत वाचायचे आणि पुन्हा फळी वाजली की नोंदीप्रमाणे परत करायचे. उशीर केला तर शिक्षा. अशा वाचकाला ओळ, रेघ आणि चित्र यांतलं अंतर लगेच कळत असणार.

नवीन पत्र कापलं. आता फक्त मजकूर लिहिला. उजवीकडे शिवणीची बाजू, म्हणून समास डावीकडे आणि खाली मोकळा सोडला. गेलेलं काम परत करायला दोन आठवडे लागले.

२३ मार्च : लाजवर्द

निळा रंग बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दाचा हवा होता. बायझंटाइन चित्रकारांकडे तो अफगाणिस्तानातूनच पोचायचा. जयपूरच्या दगडवाल्याकडून खडे मागवले, शंभर ग्रॅमला अठराशे. खलात कुटून बारीक वाटला आणि राखाडी पूड मिळाली. दगडात पांढरी चुनखडी आणि सोनेरी माक्षिक मिसळलेलं असतं, ते निळ्याला मळवतं. शिवाय जितकं बारीक वाटावं तितका निळा फिका पडतो.

दुसऱ्यांदा थोडा जाडसर ठेवला. मेण, राळ आणि जवसाचं तेल वितळवून त्यात पूड मळली, गोळा काही दिवस तसाच ठेवला, मग साजीखाराच्या कोमट पाण्यात हाताने दाबत राहिले. निळे कण आधी सुटून तळाशी बसतात, घाण गोळ्यात अडकते. पहिलं पाणी सगळ्यांत गडद, तेच ठेवलं. शंभर ग्रॅम दगडातून चमचाभर कामाचा रंग आला. ही कृती नंतरच्या पश्चिम युरोपातल्या चित्रकारांची म्हणून लिहून ठेवलेली आहे, बायझंटाइन म्हणून मी ती सांगत नाही. पण रंग मिळाला.

तांबड्यासाठी हिंगूळ वापरला, हातमोजे आणि मास्क घालून, ओला असतानाच वाटून. सफेदा शिशाचा असतो, तो घरात नको म्हणून जस्ताचा पांढरा घेतला.

६ एप्रिल : सोनं आणि सरस

बाजारात ‘सोनेरी वर्ख’ म्हणून मिळालेली स्वस्त गड्डी पितळेसारख्या मिश्रणाची निघाली, आठवड्यात काळवंडली. अस्सल सोन्याचा वर्ख घेतला, छोट्या गड्डीला अडीच हजार. पाश्चात्त्य पोथ्यांत सोन्याखाली जाड फुगीर थर असतो. इथे तो नाही, सोनं सपाट बसतं, म्हणून चिकटवणारा थर पातळ हवा.

कातड्याच्या कातरणांतून सरस शिजवला. एप्रिलच्या उकाड्यात तो दोन दिवसांत आंबला, वासाने घर भरलं. स्टुडिओसच्या यादीत याचंही कलम आहे: गरजेपेक्षा जास्त सरस केला आणि तो ठेवून ठेवून वाया गेला तर ५० दंडवत. तिथल्या उन्हाळ्यातही तो टिकत नव्हता तर! आता वाटीभर करत नाही, बोटभर करते, तोही सकाळी.

या पोथीतल्या माणसांचं वैशिष्ट्य म्हणजे त्या लांबसडक, जमिनीला जेमतेम टेकलेल्या आकृत्या आणि त्यांच्या वस्त्रांवरच्या केसाएवढ्या सोनेरी रेघा. त्यासाठी वर्ख मधात घोटून, पाण्याने मध धुऊन काढून सोन्याची शाई केली. मध नीट धुतला गेला नाही तर रेघ चिकट राहते आणि मुंग्या येतात. धुण्याची पाणी बदलायची संख्या मोजू नका, पाणी गोड लागायचं थांबेपर्यंत धुवा.

२० एप्रिल : रंग सुटला

पान चौकटीवरून काढून हलकेच वाकवलं आणि सम्राटाच्या झग्यावरचा निळा पोपड्याने उचलला गेला. शाईची काही अक्षरंही टोकाला सुटली. कारण १६ फेब्रुवारीचा दुहेरी लेप: शाई कातड्यात शिरलीच नव्हती, अंड्याच्या पापुद्र्यावर बसली होती. रंगात डिंकही जास्त होता, वाळल्यावर तो काचेसारखा तडकतो.

उपाय पट्ट्यांवर तपासले. लेप एकच, तोही निम्मं पाणी घालून. लिहिण्याआधी प्युमिसची पूड पंच्याने फिरवून चकाकी किंचित मारायची. रंगात डिंक कमी, अंड्याचं पाणी जास्त, आणि मधाचा थेंब, म्हणजे थर लवचीक राहतो. जाड एका हाताऐवजी पातळ दोन-तीन हात. या पट्ट्या बोटाभोवती गुंडाळल्या तरी रंग धरून राहिले. मूळ चकाकी थोडी गेली. मला ती तडजोड मान्य आहे, कारण पान उलटता आलं पाहिजे.

सुटलेल्या जागा पूर्ण खरवडून पुन्हा रंगवल्या. ठिगळ लावू नका, जोडावरून ते परत उचलतं.

११ मे : चेहरे आणि निळी रेघ

चेहरे शेवटी केले. हिरवट मातीचा पातळ हात, त्यावर गेरू मिसळलेला उजेड, मग नाक आणि भुवया तपकिरीने. डोकं बोटाच्या पेराहूनही लहान, भिंग लावूनच काम. निकेफोरस आणि थिओडोर या दोघांच्या दाढ्यांत आणि वस्त्रांत नीट फरक ठेवला, वाचणाऱ्याला कोण ते कळायला हवं.

मग निळी रेघ. सभा या शब्दापाशी बोरू टेकवला आणि समासापर्यंत एका दमात ओढली. या वेळी ती कुठल्याही ओळीवरून गेली नाही. फादरांनी पान हातात घेतलं, बोट रेघेवरून नेलं आणि मोठ्याने ती ओळ वाचली. पुढचं चित्र त्यांनी न विचारता सांगितलं.

१५ जून : पावसाळा

पहिल्या पावसाबरोबर पानाला लाटा आल्या. कातडं हवेतली ओल पितं, बाजू असमान फुगतात. ग्रीक पोथ्यांना जाड लाकडी पुठ्ठे असायचे ते यासाठीच, पानं दाबून राहतात. दोन सागवानी फळ्यांमध्ये, मध्ये टीपकागद घालून, वर पाटा ठेवला आहे. रंगाच्या बाजूला टीपकागद थेट लावायचा नाही, मऊ सिलिकॉन कागद मध्ये घाला. उघड्यावर टांगलं तर बुरशी येते, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर त्याहून लवकर येते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे काम दिवाळीनंतर सुरू करून मेपर्यंत आवरावं.

खर्च: कातडी आणि चौकट मिळून साधारण अडीच हजार, लाजवर्द अठराशे, सोनं वाया गेलेल्या गड्डीसकट तीन हजारांच्या वर, बाकी शाई, हिंगूळ, अकीक, अंडी मिळून दीड हजार. सगळ्यांत महाग पडला तो वेळ, आणि तो जास्तीत जास्त मांडणीवर गेला.

पुढचं पान ख्लुडोवमधलं ६८व्या स्तोत्राचं. तिथे रेघ नाही, खुणा आहेत, तेव्हा मजकुराची ओळ आणि चित्र यांची उंची कशी जुळवली ते आधी कागदावर मोजून घेणार आहे. मजकूर आधी. काकांकडे ओल्या कातड्याची मागणी नोंदवली आहे, दसऱ्यानंतर घ्यायला जायचं आहे.